मामा, ते खोकं तुम्ही दाखवलंत

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

काल कादंबरीच्या प्रती छापखान्यातून आल्या. मनोगतात तुमच्याबद्दल दोनच ओळी आहेत, कारण नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद होती. ती मी पाळली. पण तुमचं ऋण दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हे उघड पत्र. इथेही तुम्ही फक्त मामाच आहात.

तुम्ही प्राणिसंग्रहालयात पिंजरे सांभाळलेले, म्हणून पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या कथेत प्राणिसंग्रहालयातून वाघ चोरीला जात होता. मध्यरात्रीचा ट्रक, भुलीचं इंजेक्शन, घाटातला पाठलाग. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, चहा संपवलात आणि विचारलंत, "नेला, बरं. दुसऱ्या दिवशी त्याला खायला कोण घालणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी पॅरिसजवळच्या थ्वारीची हकीकत काढली. मार्च २०१७ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात शिरून व्हिन्स नावाच्या चार वर्षांच्या पांढऱ्या गेंड्याला गोळ्या घातल्या आणि शिंग कापून नेलं. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. "म्हणजे गेंडा तिथेच टाकून गेले," एवढंच म्हणालात.

त्या दिवशी घरी येऊन मी शंभरेक पानं बाजूला ठेवली.

जिवंत चोरी होते ती पिशवीत मावणाऱ्या जिवांची, हे तुमचं म्हणणं मग मला जागोजागी दिसायला लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयातून स्क्विरल मंकी जातीची दोन छोटी माकडं गेली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या प्राणिसंग्रहालयातून बेला आणि फिन ही एम्परर टॅमरिन या चिमुकल्या माकडांची जोडी गेली. ती दुसऱ्याच दिवशी एका रिकाम्या घराच्या कपाटात सापडली. मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा चोर कोण, पकडला कसा, असलं काहीही तुम्ही विचारलं नाहीत. "वजन किती उतरलं होतं?" हा तुमचा पहिला प्रश्न. थोडं उतरलं होतं, मामा. बातमीत ते खाली, शेवटाकडे होतं, आणि मी ते ओलांडून पुढे गेलो होतो.

कथेत मार्मोसेट आणायचे ठरले आणि तुम्ही खऱ्या अर्थाने बोलायला लागलात. जेमतेम तीनशे ग्रॅमचं ब्राझीलचं माकड. मी जुळी पिल्लं आईच्या पोटाशी बिलगवली होती. तुम्ही तो कागद परत माझ्या हातात दिलात. पिल्लं बहुतेक वेळ बापाच्या पाठीवर असतात, आईकडे दुधापुरती जातात, आणि थोरली भावंडंही त्यांना वाहून नेतात. माझा चोर जाळं घेऊन पिंजऱ्यात धावत होता. तुम्ही म्हणालात, "जाळं कशाला? दिवस मावळला की सगळं कुटुंब खोक्यात झोपायला जातं. भोकावर फळी सरकवायची, खोकं उचलायचं. आवाजसुद्धा होत नाही." टेबलावरचा बिस्किटाचा डबा उचलून तुम्ही ते करून दाखवलंत. डब्याच्या झाकणावर तुमचा पालथा तळहात, आणि तो डबा तुम्ही किती अलगद धरला होतात! कादंबरीचं पहिलं प्रकरण त्या हातावरून लिहिलं आहे. खोकं जागेवर नाही, म्हणजे चोर माहीतगार आहे, हे माझ्या इन्स्पेक्टरबाईंना कळतं ते तुमच्यामुळे.

डिंकही तुमचाच. मार्मोसेट झाडाची साल कुरतडून डिंक खातात, म्हणून तुम्ही लाकडाला भोकं पाडून त्यात बाभळीचा डिंक भिजवून भरायचात. "खोकं नेणाऱ्याला डिंकही ठाऊक असणार," असं तुम्ही सहज बोलून गेलात. थंडीत लाडवांसाठी डिंक घराघरांत जातो, पण ऐन मे महिन्यात पाव-पाव किलो डिंक सारखा कोण नेतो? किराणा दुकानातल्या त्या एका प्रश्नावर माझा अख्खा तपास उभा आहे. असा धागा मला एकट्याला दहा वर्षांत सुचला नसता.

कथा मी २०१९ मध्ये ठेवली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्याच्या परिशिष्टांत तेव्हा मार्मोसेट नव्हता, त्यामुळे घरात तो पाळणाऱ्याला त्या कायद्याचा धाक नव्हता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा परदेशी प्राण्यांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्याआधीच्या काळात, माझ्या कथेतल्या पोलीस ठाण्यावर, पिंजऱ्यावरच्या माणसाला विचारतात, "चोरीला गेलेल्या मालाची किंमत?" तो माणूस उत्तर देत नाही. ते प्रकरण तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही उठून खिडकीपाशी गेलात. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही, पण त्या प्रकरणातला एकही शब्द मी नंतर बदललेला नाही.

आणि ती शीळ. दाताच्या दुखण्यामुळे दवाखान्याच्या पिंजऱ्यात ठेवलेली म्हातारी मादी मागे राहते, ती सकाळी काय करेल, असं मी विचारलं. तुम्ही ओठ आवळलेत आणि बारीक, लांबलचक शीळ घातलीत. थांबलात, कान दिलात, पुन्हा घातलीत. "उत्तर येईपर्यंत असं चालतं," म्हणालात. आतून मामी पदराला हात पुसत दारात आल्या. "किती वर्षांनी ऐकली ही," म्हणाल्या. निवृत्त होऊन इतका काळ लोटल्यावरही तो आवाज तुमच्या घशात जसाच्या तसा होता. त्या क्षणी मला माझ्या कादंबरीचा शेवट मिळाला. पोलिसांच्या गाडीत बंद खोकं आहे, गाडी फाटकातून आत येते, आणि दवाखान्याकडून शीळ ऐकू येते. पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही, वाचकांसाठी राखून ठेवतो. तुम्हाला ठाऊकच आहे.

मामा, तुम्ही सात दुपारी दिल्यात. प्रत्येक वेळी मी वही मिटली की तुम्ही विचारायचात, "यातनं कुणाला चोरी शिकायला मिळणार नाही ना?" म्हणून पिंजऱ्याची कुलपं, रात्रीच्या फेरीच्या वेळा, आतला रस्ता, यातलं काहीही पुस्तकात खरं ठेवलेलं नाही. तेवढं पाळलं आहे.

रविवारी चारच्या सुमारास प्रत घेऊन येतो. तुमच्या मोतीबिंदूची तारीख पुढे गेली असं मामी फोनवर म्हणाल्या, तेव्हा शेवटचं प्रकरण मीच मोठ्याने वाचेन. शीळ मात्र तुम्हीच घाला, मला ती अजून जमत नाही.

तुमचा,
वही घेऊन येणारा