‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात न मावणारा महाराष्ट्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

सखल प्रदेश आणि उंच प्रदेश यांतील ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला सखल म्हणजे सपाट व नकाशात हिरवा, उंच म्हणजे डोंगराळ व तपकिरी, असे दोन रकाने भरले की मुलांना गुण मिळतात. आपल्याच राज्याची भूमी मात्र या रकान्यांत बसत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तरी हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागले की जमीन दूरवर सपाट दिसते. उलट रत्नागिरीकडचे कातळसडे, म्हणजे खडकाळ सपाट माथे, त्याहून कितीतरी खाली असूनही खाड्यांनी आणि वहाळांनी चिरलेले आहेत.

कर्जतहून बोरघाट चढलेली गाडी लोणावळ्याला सुमारे ६२० मीटरवर पोचते आणि पुढे पुण्यापर्यंत जेमतेम ६० मीटर उतरते. डोंगर चढला की पलीकडे तितकेच उतरावे लागते, ही मुलांची समजूत इथे मोडते, कारण कोकणातून भिंतीसारखा दिसणारा सह्याद्री ही लाव्हाच्या थरांनी बनलेल्या दख्खन पठाराची पश्चिम कड आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटरवर असताना मुठेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला का जाते, याचेही उत्तर पठाराच्या पूर्वेकडील मंद उतारात आहे.

नकाशात समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा विरळ असल्या की उतार मंद, एवढे मुले पाठ करतात. पण विरळ रेषा किनाऱ्यालगतही असतात आणि पठारावरही, तेव्हा रेषेवरचा आकडा आणि आसपासच्या जमिनीशी असलेला उंचीतला फरक वाचल्याखेरीज प्रदेश ओळखता येत नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर आहे, हे ऐकून ती फार उंच वाटते, परंतु पायथ्याचे शहरच ५६० मीटरवर असल्याने प्रत्यक्ष चढ २४० मीटरांच्या आसपास भरतो.

म्हणून विनंती अशी की, माध्यमिक इयत्तांच्या भूगोलात प्रत्येक शाळेला आपल्या परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा (१ सेंमी म्हणजे ५०० मीटर) स्थलनिर्देशक, म्हणजे समोच्च रेषांसह भूरूपे दाखवणारा, नकाशा मिळावा, त्यावरून उतारछेद, म्हणजे जमिनीच्या चढउताराची बाजूने दिसणारी आकृती, काढून जवळच्या टेकडीवर तो पडताळण्यासाठी प्रात्यक्षिकाच्या तासिका राखून ठेवाव्यात, आणि परीक्षेत दोन रकान्यांऐवजी नकाशाचा तुकडा देऊन ‘हा प्रदेश कोणता, कशावरून?’ असे विचारावे. त्या प्रश्नाला कारणासहित दिलेल्या उत्तराचे गुण वेगळे ठेवावेत.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका, पुणे