शस्त्र बदलण्याची किंमत

संपादक महोदय,

व्हिडिओ गेम, कॉमिक्स आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून धनुष्य, भाला, तलवार, गदा असे सारेच अंगावर बाळगून ऐन लढाईत ते सहज बदलणारे योद्धे सर्रास दिसतात. त्यांना सरसकट अवास्तव ठरवणे योग्य नाही. कारण रोमन सैनिकही आधी पिलम हा फेकभाला फेकून मगच ग्लॅडियस ही आखूड तलवार उपसत असे, आणि पोलादी चिलखतापुढे तलवारीचा वार निष्प्रभ ठरत असल्यामुळे युरोपातील सरदार गदा किंवा युद्धहातोडा जवळ ठेवत. त्या बदलामागे अंतर आणि चिलखत ही ठोस कारणे होती. काल्पनिक योद्ध्याकडे बहुधा तीच नसतात. शिवाय फेकलेला भाला आपोआप हाती परत येत नाही, लांब तलवार पाठीवरच्या म्यानातून एका हिसड्यात निघत नाही आणि (हे तर क्वचितच दाखवले जाते) हातातले पहिले शस्त्र कुठेतरी टाकावे लागते. या क्षणी योद्धा उघडा पडतो. ज्या खेळांत तो धोका राखलेला असतो, तेथे खेळाडूला खरा निर्णय घ्यावा लागतो आणि द्वंद्व अधिक रंगते, असे माझे मत आहे. लेखकांनीही नायकाने भाला केव्हा आणि का टाकला, एवढे तरी सांगावे.

आपला,
एक वाचक