तालमीतल्या वस्तादांचे आणि पोरांचे मनापासून आभार

धाकटा भाऊ दहावीत नापास झाला, शाळा सुटली, मग चौकातली टोळी, गांजा, रात्री-अपरात्री घरी येणं, आणि एकदा मारामारीत नाव आलं तर पोलीस दारात. आईचं जेवणच तुटलं. नातेवाईक सल्ले देऊन गेले, धावून आले ते कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद, ज्यांच्याशी आमची नुसती तोंडओळख होती.

ते त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. पहाटे दारात गाडी लावून हाक मारायचे, "चल रे, माती उकरायची हाय." सुरुवातीला कुस्ती नाहीच, हातात फावडं, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती खणायची, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू कालवायचं, मग मोठ्या पोरांबरोबर जोर-बैठका. गांजा सुटताना त्याला झोप लागायची नाही, चिडचिड व्हायची, तेव्हा एक पैलवान रात्री तालमीत त्याच्याशेजारी झोपायचा आणि स्वतःच्या खुराकातली अर्धी थंडाई त्याला द्यायचा. पैलवानानं खुराक वाटून देणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात पैलवान हाय त्यालाच कळंल!

डॉक्टरांकडं वस्तादच घेऊन गेले, दहावीला पुन्हा बसायचा फॉर्मही त्यांनीच भरून घेतला, फी कुणी भरली ते अजून सांगत नाहीत. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला हे सगळे सांगतात, पण आजही तालमी अशी पोरं सांभाळतात हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

भाऊ दहावी पास झाला. वस्ताद, पैलवान भावांनो, खूप खूप आभार. आई म्हणते रविवारी सगळ्यांनी जेवायला या, तांबडा-पांढरा करणार हाय.