मागच्या अंगणातलं घर आई-बाबांचं असू द्या, आपली गेस्टरूम नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हातारपण आणि एकटेपणा यावर तुमच्या पेपरात बरंच छापून येतं आणि ते यायलाच हवं, पण थकलेल्या आई-बाबांना कुठं ठेवायचं हा विषय निघाला की चर्चा दोनच टोकांना जाते, एकतर आपल्या घरात आणा नाहीतर वृद्धाश्रम बघा. मधला एक रस्ता आहे, घराच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी वेगळं छोटं घर बांधायचा, आणि आम्ही तो घेतला. आई-बाबा तिथं राहायला येऊन दोन वर्षं होऊन गेली. ओळखीतले बरेच जण येऊन घर बघून गेले, फोटो काढून गेले, खर्च विचारून गेले, पण तुझ्या आई-बाबांना काय हवं होतं हे एकानंही विचारलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. आणि हो, मी पण आधी "ठेवायचं" हाच शब्द वापरायचे, आईच एकदा म्हणाली, ठेवायला आम्ही सामान आहोत का गं. तेव्हापासून तो शब्द मी सोडला.

सुरुवात बाबांच्या पडण्यानं झाली. रात्री दोनच्या सुमारास बाथरूममधे पाय सरकला, दार आत उघडणारं आणि बाबा नेमके त्या दारालाच लागून आडवे, बाहेरून आई ढकलतेय तर दार हलेना, आतून बाबांना उठता येईना. शेवटी शेजारच्यांनी येऊन बिजागऱ्या काढल्या. मला पोचायला दीड तास लागला आणि तो दीड तास मी अजून विसरले नाही. हाड मोडलं नाही एवढं नशीब. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणं जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळं जातात आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर निदान ते दार तरी उलटं करून घेतलं असतं.

मग त्यांना आमच्याकडं आणलं, आठ महिने. कुणाचं भांडण नाही, कुणी वाकडं बोललं नाही, नवरा तर माझ्यापेक्षा जास्त करायचा त्यांचं, तरी मला दिसत होतं की दोघं आकसत चाललीयत. आई फ्रीज उघडायच्या आधी विचारायची. बाबा टीव्हीचा आवाज इतका कमी ठेवायचे की त्यांनाच ऐकू येत नसणार, आणि आमच्याकडं कुणी आलं की उठून आतल्या खोलीत जाऊन बसायचे. ज्या माणसानं चाळीस वर्षं स्वतःचं घर चालवलं त्याला पोरीच्या घरात पाण्याच्या ग्लासची जागा विचारावी लागते, यात पोरीची चूक नसते पण ते त्याला आतून खातंच.

मागं जागा होती. आम्ही दोघांनी उत्साहात एक प्लॅन काढून आणला, बेडरूम, बाथरूम, छोटा व्हरांडा, आणि किचन मुद्दामच नाही कारण जेवण आपल्याकडंच होईल ना. बाबांनी कागद बघितला आणि काही न बोलता घडी घालून परत दिला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, चूल नाही ते घर कसलं, ती तर खोली झाली. मला ते लागलं, पण बरोबर होतं. आम्ही गेस्टरूमच बांधत होतो.

मग आम्ही कागद बाजूला ठेवला आणि जागेवर फक्की मारून घर आखलं, आत चार खुर्च्या मांडल्या आणि दोघांना म्हटलं आता बसा आणि सांगा. हे मी प्रत्येकाला करायला सांगते. आई बसली आणि पाचेक मिनिटांत तिनं खुर्ची फिरवून रस्त्याकडं तोंड केलं. आमच्या प्लॅनमधे खिडकी आमच्या घराच्या मागच्या भिंतीकडं होती, आम्हाला वाटलेलं आमच्यावर लक्ष राहील तर तिला बरं वाटेल, तिला हवी होती जाणारी-येणारी माणसं. बाबांचा मुद्दा दाराचा होता. आम्ही दार असं ठेवलेलं की आमच्या किचनमधून दिसावं, म्हणजे ते कधी बाहेर पडले, कधी आले ते कळेल. बाबा म्हणाले दार बाजूला घ्या, मी कधी कुठं जातो याची नोंद कशाला हवी. मी वाद घातला, काळजीपोटी बोलले खूप. शेवटी दार बाजूलाच गेलं आणि आता मला वाटतं त्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच होता.

काळजीचं काय मग, तर ते त्यांनीच सोडवलं. आई सकाळी उठली की आमच्या बाजूच्या छोट्या खिडकीचा पडदा सरकवते. पडदा सरकला म्हणजे सगळं ठीक. साडेसातपर्यंत नाही सरकला तर मी जाऊन दार वाजवायचं. पलंगाशी आणि बाथरूममधे खाली हात पोचेल अशा उंचीवर बेलचं बटण आहे ज्याची बेल आमच्याकडं वाजते, कारण पडलेला माणूस वरच्या बटणापर्यंत पोचू शकत नाही. कॅमेरा लावा म्हणून आग्रह करणारे खूप भेटले, आम्ही नाही लावला.

आता बांधकामाचं सांगते कारण इथं चुका महागात पडतात. आमची पहिली चूक रॅम्पची. जोतं दीड फूट आणि कॉन्ट्रॅक्टरनं रॅम्प काढला सहा फुटांचा, दिसायला छान, पण व्हीलचेअर सोडाच, नुसतं चालत उतरताना बाबांचा तोल पुढं जायचा. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. तोडून परत केला, एका बाजूनं वळवून. जोतं ठरवायच्या आधी हा हिशोब करा, पावसाचं पाणी आत येणार नसेल तर जोतं कमी ठेवा म्हणजे रॅम्पही छोटा होतो.

दुसरं ड्रेनेज, आणि हे कुणी आधी सांगतच नाही. चार इंची पाइपला साधारण चाळीस फुटांत एक फूट ढाळ लागतो. आमचा मेन चेंबर पुढं, नवीन बाथरूम मागं साठ फुटांवर, म्हणजे पाइप चेंबरपर्यंत जाताना दीड फूट खाली उतरणार आणि चेंबर तेवढा खोल आहे का हे कुणी बघितलंच नव्हतं. नव्हता. परत खोदकाम. तर बाबांनो, आधी चेंबरचं झाकण उघडून खोली मोजा आणि मग टाइल्सचे रंग बघायला जा.

बाथरूमवर मात्र कंजूषी अजिबात नको, बाकी सगळं साधं चालेल. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि बाहेरून उघडता येईल अशी कडी. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच हवी, त्यासाठी फळी ३६ इंचाची घ्यावी लागते. आत पाच फुटांचं वर्तुळ मोकळं, तेवढ्यात व्हीलचेअर फिरते, आज खुर्ची नाही म्हणून सोडू नका. उंबरा नाही, शॉवरला कट्टा नाही, फक्त ढाळ. कमोडची सीट १७ ते १९ इंच. धरायचे बार जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, आणि टॉवेलच्या दांडीला बार समजू नका, ती माणसाच्या वजनानं उपटून येते. भिंत पॅनेलची असेल तर बारच्या मागं लाकूड किंवा पत्रा बांधतानाच टाकून घ्या. उजेडाचं पण बघा, साठीच्या डोळ्यात विशीच्या मानानं एक तृतीयांशच प्रकाश आत पोचतो म्हणतात, त्यामुळं आपल्याला जे झगझगीत वाटतं ते त्यांना जेमतेम असतं. पलंगापासून कमोडपर्यंत रात्री मंद दिवा हवाच.

कागदपत्रांचा विषय नाजूक आहे पण टाळू नका. आमच्या केसमधे जागा नवऱ्याच्या नावावर आणि बांधकामात बाबांचे पण पैसे, म्हणजे उद्या काही झालं तर त्यांचा हक्क काय? भावाला बोलावून चौघांनी बसून ठरवलं, त्यांचे पैसे किती, ते किती काळ राहणार, घर विकायची वेळ आली तर काय, आणि वकिलाकडून लिहून घेतलं. काही नातेवाइकांना हे परक्यासारखं वाटलं. मला वाटत नाही. जर्मनीत शेतकरी शेत मुलाच्या नावावर करताना शेजारच्या छोट्या घरात मरेपर्यंत राहायचा हक्क लिहून घ्यायचे, त्याला आल्टेनटाइल म्हणतात, जुनी पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात अशा घराला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात आणि तिथं १ जुलै २०२१ पासून असा करार लेखी असेल तर त्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, कारण टॅक्सच्या भीतीनं लोक तोंडी ठरवायचे आणि पुढं फटका म्हाताऱ्यांना बसायचा.

परवानग्यांबद्दल पण बोलायलाच हवं. आमचा अर्ज ज्या ऑफिसात होता तिथं तो सात महिने पडून होता आणि त्या सात महिन्यांत बाबांची चाल आणखी मंदावली. कॅलिफोर्नियात २०२० पासून अशा मागच्या घराच्या पूर्ण भरलेल्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचं बंधन आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधे ६० चौरस मीटरपर्यंतच्या ग्रॅनी फ्लॅटला, प्लॉट आणि बाकीच्या अटी बसत असतील तर, झटपट मंजुरीचा वेगळा मार्ग आहे. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. नियम मोडू द्या असं मी म्हणत नाही, आग विझवायला गाडी जायला जागा हवी, शेजाऱ्याचा उजेड अडू नये, हे बरोबरच आहे, फक्त हो किंवा नाही काय ते लवकर सांगा. सत्तरीतल्या माणसाचे सात महिने फार मोठे असतात.

आणि थांबू नका. पडल्यावर, ऑपरेशन झाल्यावर घाईत बांधलेलं घर हॉस्पिटलच्या खोलीसारखं होतं, कारण तेव्हा खुर्ची कुठं फिरवायची हे सांगायची त्यांच्यात ताकद नसते. चालते-फिरते असताना बांधलं तर ते घर त्यांचं होतं. कपाट कुठं, फोटो कुठं, किल्ली कुणाकडं, सगळं त्यांनीच ठरवावं. आमच्याकडं त्या घराची एक किल्ली आहे पण आम्ही ती वापरत नाही, दार वाजवतो आणि थांबतो, माझा मुलगा पण वाजवतो.

तुम्हाला एक विनंती, घरांच्या पुरवणीत ही मापं एकदा ठळक छापा, रॅम्प, दार, बार, चेंबर, म्हणजे लोकांना कापून ठेवता येतील.

परवा बाबा म्हणाले रॅम्पच्या वळणावर रेलिंग एक हात पुढं वाढवून घ्या, तिथं डावा हात रिकामा पडतो. रविवारी वेल्डर येतोय, किती वाढवायचं ते बाबाच त्याला उभे राहून दाखवणार आहेत.

आपली,
एक वाचक