नव्या उंच गाडीच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एसयूव्ही घेतल्याचे वाचून आनंद झाला. मात्र शेवटी तू जे लिहिलेस, की ‘फोर व्हील ड्राइव्ह आहे, आता पाऊस असो वा चिखल, काळजी नाही’, त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे. तुझ्या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही. पहिली उंच गाडी घेतली तेव्हा मीही अगदी हेच म्हणालो होतो.

फोर व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, तिचा उपयोग गाडी जागची हलायला आणि चढ चढायला होतो, थांबायला नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. उलट ओल्या रस्त्यावर तुझी गाडी चाके न घसरता सहज वेग घेईल आणि त्यामुळेच रस्ता निसरडा असल्याचे तुला उशिरा उमगेल. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचे अंतर साधारण चौपट होते, हे गणित मला ठाऊक होते. तरीही एका ओल्या उतारावर पायाखाली एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरत असताना आणि गाडी पुढच्या ट्रककडे सरकत असताना ते मला खऱ्या अर्थाने कळले. ट्रक हातभर अंतरावर राहिला.

उंचीचेही तसेच आहे. गुरुत्वमध्य वर असल्याने अशी गाडी झटक्यात वळवली तर उलटण्याचा धोका अधिक असतो, आणि टपावर सामान रचले की तो आणखी वाढतो. एखादे चाक डांबराखाली उतरले तर घाबरून स्टिअरिंग ओढू नकोस. सरळ धरून वेग कमी होऊ दे आणि मगच अलगद वर ये. सीट बेल्टविषयी तुला सांगायला नकोच.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती पाण्याची. सुमारे 60 सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणीसुद्धा बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकते, आणि त्यांत तुझ्यासारख्या गाड्याही आल्या, कारण पाणी गाडीला खालून उचलू लागले की टायरची पकड सुटते आणि मग दोन टनांचे वजनही उपयोगी पडत नाही. त्यातून खालचा रस्ता वाहून गेला आहे की नाही, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. वाहत्या पाण्यापुढे परत फिरणे यात कसला कमीपणा? पाणी साचलेले आणि स्थिर असेल, तर गाडी किती खोलीपर्यंत जाऊ शकते हे मॅन्युअलमध्ये पाहून, पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या संथ वेगाने जा. मध्येच इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कायमचे बसते. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबून कोरडे करून घे.

तीव्र उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नकोस. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची सोय, असेल तर ती लावून इंजिनालाच गाडी धरून ठेवू दे. कच्च्या चढावर गाडी अर्ध्यावरच अडली तर तिथे वळण्याचा मोह टाळ, कारण उतारावर आडवी झालेली गाडी सहज कोलमडते. रिव्हर्स टाकून आल्या वाटेने सरळ मागे ये. वाळूत टायरमधील हवा कमी केलीस तर पक्क्या रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी ती पुन्हा भर. आणि तुझ्या गाडीत फोर व्हील ड्राइव्ह हाताने लावायचे असेल, तर कोरड्या डांबरावर ते बंद ठेव. वळताना पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि त्याचा ताण यंत्रणेवर येतो.

पुढच्या भेटीत एखादे मोकळे, ओले मैदान शोधून ठेव. मी शेजारी बसतो, तू ताशी 30 च्या वेगावरून जोरात ब्रेक मार आणि गाडी कुठे थांबते ते पाहू. तोवर मॅन्युअल वाचून काढ.

तुझा स्नेहांकित,
जुना सोबती