पगाराच्या फाइलची सुरक्षा तुमच्याच सपोर्टने बंद केली: लेखी खुलाशाची मागणी

भोसरी, पुणे
दिनांक: १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
तसेच प्रमुख, उत्पादन सुरक्षा विभाग

विषय: ५ जुलैच्या अपडेटनंतर पुसली गेलेली सेटिंग्ज आणि तुमच्या अभियंत्याने बंद केलेली होस्ट की तपासणी (पलीकडचा सर्व्हर खरा असल्याची खात्री) याबाबत तक्रार.

महोदय,

भोसरी, तळवडे आणि चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे पगाराचे काम आमची संस्था करते. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, टीडीएस आणि सगळ्यात शेवटी बँकेला जाणारी पगाराची फाइल. या फाइलच्या प्रत्येक ओळीत एका कामगाराचे नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम असते. ती ईमेलने जाऊ नये, पेनड्राइव्हवर फिरू नये, एवढ्यासाठीच आम्ही तुमचे फाइल ट्रान्स्फरचे सॉफ्टवेअर घेतले. साधी एसएफटीपी जोडणी (सुरक्षितपणे फाइल पाठवण्याची पद्धत) फुकटच्या साधनांनीही होते. आम्ही पैसे मोजतो ते तपासणी, नोंदी आणि अडचणीत धावून येणाऱ्या सपोर्टसाठी.

शनिवारी ५ जुलैच्या रात्री अपडेट आपोआप बसले. रविवारी आषाढी एकादशी, त्यामुळे कार्यालय आणि कारखाने बंद. सोमवारी ७ तारीख. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार सात तारखेपर्यंत पगार द्यावाच लागत होता, म्हणजे आमच्या हातात तो एकच दिवस होता. सकाळी पहिली फाइल लावली आणि बँकेच्या सर्व्हरची होस्ट की ओळखीची नाही, असा संदेश येऊन जोडणी तुटली. आम्ही जोडलेल्या सगळ्या बँकांच्या साठवलेल्या होस्ट की अपडेटने पुसून टाकल्या होत्या.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही तांत्रिक चूक म्हणून सोडून दिली असती. ओळख पटत नसताना सॉफ्टवेअरने फाइल पाठवली नाही, हे त्याने बरोबरच केले. खरी तक्रार त्यापुढची आहे.

तुमच्या अभियंत्याने रिमोटवर आमचा संगणक ताब्यात घेतला, जोडणीच्या सेटिंग्जमध्ये गेला आणि ‘कोणतीही होस्ट की स्वीकारा’ या चौकोनात टिक केली. आमच्या एक सहकारी, बँकेचे पत्र हातात घेऊन, त्याला सांगत होत्या की यात होस्ट कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा अक्षरसंच, छापलेला आहे, दोन मिनिटांत जुळवून घेऊ. ‘मॅडम, ते नंतर बघा, आधी पगार जाऊ दे,’ हे त्याचे उत्तर. फाइल गेली आणि लगेच ‘तिकीट क्लोज करू ना?’, म्हणजे तक्रारीची नोंद बंद करू का, अशी विचारणा झाली. पुढच्या प्रत्येक बँकेच्या जोडणीवर त्याने हेच केले. तिकिटावर तुमच्याकडून शेरा पडला: ‘समस्या सोडवली.’

फाइल ट्रान्स्फरचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला हे समजावून सांगावे लागते, याचा आम्हाला मनापासून त्रास होतो. एन्क्रिप्शनमुळे वाटेत कोणी फाइल वाचू शकत नाही, हे खरे. पण पलीकडे बँकच आहे की बँकेच्या नावाने मध्येच बसलेला कोणी भामटा, हे होस्ट कीवरूनच कळते. ही तपासणी काढून टाकली, की त्या भामट्यालाही आपण तितक्याच मजबूत एन्क्रिप्शनने फाइल नेऊन देतो. आम्ही पासवर्डऐवजी आमच्या स्वतःच्या डिजिटल कीने लॉगिन करतो, पण त्यानेही इथे बचाव होत नाही, कारण खोटा सर्व्हर कोणतीही की मान्य करून फाइल घेऊन टाकेल. वर हा चौकोन कायमचा असतो. एकदा टिक केली की कोणीतरी आठवणीने काढेपर्यंत प्रत्येक महिन्याचा पगार तसाच जात राहतो, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सुरक्षित’ लिहिलेले दिसते.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या टिक काढल्या. एकीने पत्रावरून वाचायचे, दुसरीने पडद्यावर बोट ठेवायचे, अशी एसएचए-२५६ फिंगरप्रिंटची ४३ अक्षरे मोठी-लहान लिपी सांभाळून प्रत्येक बँकेसाठी जुळवली. दिवसभरातल्या जोडण्यांच्या लॉगमध्ये नोंदलेले फिंगरप्रिंटही तेच निघाले, म्हणून माहिती बाहेर गेलेली नाही असे आम्ही आमच्या ग्राहकांना सांगू शकलो. हे काम तुमच्या अभियंत्याने सकाळी फोनवर आमच्याबरोबर करायला हवे होते.

अपडेटने आणखी एक सेटिंग मूळ स्थितीवर नेली. आमच्या जोडणीत फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढते आणि पूर्ण पोहोचल्यावरच तिला खरे नाव मिळते. बँकेची यंत्रणा ठराविक वेळाने फोल्डर तपासून दिसेल ती फाइल उचलते, त्यामुळे ही काळजी घ्यावीच लागते. सोमवारी फाइल थेट खऱ्या नावानेच चढू लागली आणि एका मोठ्या कारखान्याची फाइल बँकेने अर्धवट असतानाच उचलली. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम असते; ती ओळच पोहोचली नव्हती, म्हणून बँकेने फाइल परत केली. नाहीतर निम्म्या कामगारांचा पगार झाला असता आणि उरलेले दुसऱ्या दिवशी गेटवर उभे राहिले असते. आमच्या पडद्यावर मात्र ती फाइल ‘यशस्वी’ दाखवत होती.

लॉग ठेवण्याची मुदतही १८० दिवसांवरून ३० दिवसांवर आली आणि जुन्या नोंदी त्याच रात्री पुसल्या गेल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. नोंदीच नसतील तर ६ तासांत आम्ही काय कळवणार? आमच्या स्वतःच्या बॅकअपमधून त्या परत मिळाल्या, त्यात तुमचा काही हातभार नाही.

आता अपडेटच्या सूचनेबद्दल. तीत एकच ओळ होती: किरकोळ दुरुस्त्या आणि वेगात सुधारणा. या अपडेटने एखादे सुरक्षेचे भगदाड बुजवले का, हे आम्ही लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. २०२३ च्या मे महिन्यात मूव्हइट ट्रान्स्फर या अशाच सॉफ्टवेअरमधल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला फसव्या आज्ञा देता येण्याच्या) त्रुटीतून क्लॉप टोळीने जगभरच्या संस्थांची माहिती पळवली. ब्रिटनमधली झेलिस ही पगाराचे काम करणारी कंपनी त्यात सापडली आणि तिच्यामार्फत बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्सच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली. आमचा धंदा तोच आहे. त्या प्रकरणात निदान सॉफ्टवेअरच्या कंपनीने ३१ मे रोजी त्रुटी जाहीर केली, तात्पुरता उपाय सांगितला आणि पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, दिला. सुरक्षेचा पॅच आपोआप बसावा, हे आम्ही करारात स्वखुशीने मान्य केले आहे आणि यापुढेही करू. तो पगाराच्या आदल्या रात्री आला तरी आमची हरकत नाही, आम्ही जागून तपासणी करू. पण वेग वाढवणारे साधे अपडेट महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कळवल्याशिवाय बसवणे आम्हाला मान्य नाही, आणि आलेले अपडेट यांपैकी कोणते हे ओळखण्याची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

आम्हाला पुढील गोष्टी लेखी हव्यात. होस्ट की, तात्पुरत्या नावाची सेटिंग आणि लॉगची मुदत का पुसली गेली, याचे तांत्रिक कारण. ५ जुलैच्या अपडेटमध्ये सुरक्षेची कोणती दुरुस्ती होती, असल्यास तिचा सीव्हीई क्रमांक (त्रुटीचा जाहीर नोंद क्रमांक). सपोर्टमधल्या कोणीही ग्राहकाच्या संगणकावर ओळखतपासणी बंद करणार नाही, असा तुमचा नियम आणि तो कधीपासून लागू झाला ती तारीख. त्या अभियंत्याला शिक्षा व्हावी असे आमचे म्हणणे नाही. तिकीट लवकर बंद करण्याचा ताण त्याच्यावर कोणी टाकला, ते तुम्ही बघा. हाच उपाय इतर ग्राहकांनाही सांगितला गेला असेल, तर त्यांना आजच कळवा. त्यांच्याकडे तो चौकोन अजूनही टिक केलेला असू शकतो आणि त्यांना त्याची कल्पनाही नसेल.

जुलै महिन्याचे सेवाशुल्क करारातील सेवास्तराच्या कलमानुसार परत मिळावे. ३१ जुलैपर्यंत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ऑगस्टच्या पगाराच्या फाइल आम्ही दुसऱ्या व्यवस्थेतून पाठवू आणि करार संपवण्याची नोटीस देऊ.

आपली,
संचालिका, कार्यान्वयन विभाग
(सही व शिक्का)

सोबत: तिकिटाची प्रत, ७ जुलैच्या जोडण्यांचे लॉग, बँकेचे फाइल परत केल्याचे पत्र, बदललेल्या सेटिंग्जचे स्क्रीनशॉट.