‘अक्षर’ या शब्दात अक्षरं किती? पायथनच्या एका राखणदाराला आभारपत्र

नमस्कार,

तुमचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोअर डेव्हलपरांपैकी, म्हणजे ती सांभाळणाऱ्यांपैकी, तुम्ही एक, एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या चार मराठी पोरं आपापले बग घेऊन थेट तुमच्याच दारात उभी राहायची, आणि त्या दारात आधीच किती गर्दी आहे ते मी पाहिलंय. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहिते, कारण सगळं सुरूच एका मराठी शब्दापासून झालं होतं.

लॉकडाऊनमध्ये आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. पुस्तकांची नावं टाइप करून झाली, शोधायची सोय केली आणि हौसेने ‘मराठी’ शब्द शोधला. प्रोग्रॅमने नावांचे तुकडे कसे पाडलेत ते उघडून बघितलं तर ‘मराठी’चे दोन तुकडे होते: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘अक्षर’चे ‘अक’ आणि ‘षर’. जे झिजत नाही ते अक्षर, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं. इथे त्याचे उभे दोन तुकडे. ‘बदक’, ‘गवत’, ‘कमळ’ मात्र धडधाकट. म्हणजे पायथनची मजल पहिलीच्या पुस्तकातल्या बिनकाना-मात्रेच्या धड्यापर्यंतच, असा निष्कर्ष मी काढला.

मग मी तक्रार नोंदवली. आज ती वाचवत नाही. एवढ्या जुन्या भाषेला कोट्यवधी लोकांची लिपी कळत नाही, तुम्हाला फक्त इंग्रजीचं पडलंय, वगैरे. आवाज चढवून लिहिलं होतं आणि वर उदाहरणाचा कोड अर्धवट दिला होता.

दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. त्यात पहिलं वाक्य प्रश्नाचं होतं: तुम्ही हा शब्द वाचता तेव्हा त्यात तुम्हाला किती अक्षरं दिसतात? मी लिहिलं, तीन. अ, क्ष, र. तुम्ही लिहिलंत, पायथनला पाच दिसतात: अ, क, हलन्त, ष, र. आणि मग ओळीओळीने समजावलंत. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. ‘क’ हा ‘अक्षर’ वर्गातला. काना, वेलांटी, हलन्त ही ‘जोडचिन्हं’. माझा प्रोग्रॅम शब्द वेगळे करायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधायची खूण, वापरत होता; तिच्यातलं बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच ओळखतं. जोडचिन्ह आलं की त्याच्या लेखी शब्द संपला.

खरी गंमत पुढे होती. त्याच पायथनमध्ये ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं (प्रोग्रॅममध्ये किंमत ठेवायच्या जागेचं) नाव म्हणून पायथन ३ पासून बिनतक्रार चालतं, कारण नावांसाठीचा नियम वेगळा, आणि त्यात जोडचिन्हांना जागा आहे. ‘१२३’ ही देवनागरी अक्षरमाळ इंट फंक्शनला दिली तर ते निमूट एकशे तेवीस करून देतं. म्हणजे आकडे कळतात, नाव चालतं, फक्त शब्द कळत नाही! हे तुम्हीच मला दाखवलंत, आणि ‘विसंगती आहे’ असं सरळ कबूलही केलंत. हीच तक्रार २००७ सालीच, तीही देवनागरीच्याच निमित्ताने, कुणीतरी केली होती, तिच्याकडेही बोट दाखवलंत. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर एवढी जुनी नोंद स्वतःहून कशाला दाखवली असती.

मग बदलत का नाही? याचं तुम्ही दिलेलं उत्तर मला आजही पुरतं पटलेलं नाही, पण ते उत्तर होतं. टोलवाटोलवी नव्हती. जगभर किती प्रोग्रॅम आज या वागणुकीवर टेकून उभे आहेत ते कुणालाच मोजता येणार नाही. एखादं फंक्शन काढायचं तर निदान दोन आवृत्त्या आधी इशारा द्यायचा, असा पायथनचा दंडक आहे. इथे मात्र काहीच मोडून पडणार नाही, एररही येणार नाही. फक्त उत्तर गुपचूप बदलेल. तुमच्या मते ते जास्त वाईट. त्यातून पायथन एकदा पोळलेलं आहे. जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे न चालणारं ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये, आणि पायथन २ ला अखेरचा निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडलं. अकरा वर्षं! त्या बदलाच्या मुळाशीही मजकुराचाच प्रश्न होता, कच्चे बाइट कोणते आणि युनिकोड मजकूर कोणता, हा.

बाजूला एक ओळ टाकलीत: रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल (जोडून वापरायचा तयार कोड) आहे, ते वापरून बघा. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बदलल्या आणि ‘मराठी’ सबंध झाली.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण तुम्ही लिहिलंत की डॉक्युमेंटेशन वाचून माझ्यासारखा वाचक जिथे फसेल, तिथला एक परिच्छेद मीच सुधारून द्यावा. मी? इंग्रजीत? मी दहा वर्षं कोड लिहून पगार घेतेय, पण दुसऱ्यांच्या दारातलं फुकटचं काम कधी केलं नव्हतं. योगदानाच्या करारावर सही केली, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घ्यायची विनंती, पाठवली. तुम्ही चार वेळा परत पाठवलीत. एकदा नुसत्या स्वल्पविरामासाठी. त्या परिच्छेदावर माझ्यापेक्षा तुमचा वेळ जास्त गेला असणार. तुम्ही स्वतः लिहिला असतात तर पाच मिनिटांत उरकला असता. बदल सामील (मर्ज) झाल्यावर आभारांच्या यादीत नाव घालायला सांगितलंत. एका परिच्छेदाला कसला मान, म्हणून मी आढेवेढे घेतले, तर म्हणालात, घाला. आता त्या फाइलमध्ये, साधारण आडनावांच्या क्रमाने लावलेल्या लांबलचक यादीत, मी आहे. आईला दाखवली. ती म्हणाली, लग्नाच्या आहेराची यादी दिसतेय.

त्यानंतर कुतूहलाने मी मागचं बरंच वाचत गेले. जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक ग्वीडो व्हान रॉसम यांनी प्रमुखपदाचं, म्हणजे शेवटचा शब्द आपला असण्याचं, ओझं खाली ठेवलं, ते वाचलं. निमित्त पेप ५७२ चं (पेप म्हणजे भाषेत बदल सुचवणारा प्रस्ताव), वॉलरस ऑपरेटर या नव्या चिन्हाचं. एका कोलन-बरोबरच्या चिन्हावरून इतकं रण पेटलं की प्रस्ताव मंजूर करून ते बाजूला झाले. एका प्रस्तावासाठी पुन्हा इतकं झगडण्याची आणि इतक्या लोकांचा राग ओढवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. आता पाच जणांचं सुकाणू मंडळ आहे, ते कोअर डेव्हलपर निवडतात, आणि एकाच कंपनीचे दोनापेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. (आमच्या सोसायटीला हा नियम लावला तर एका कुटुंबाची कमिटी बरखास्त होईल.)

ते सगळं वाचताना मला माझी ती पहिली तक्रार आठवली आणि कान तापले. ज्या आवाजाने माणसं थकून निघून जातात, तोच आवाज मी तुमच्याशी लावला होता. तुम्ही त्यातला राग बाजूला काढून प्रश्न तेवढा उचललात. नकार दिलात, आणि नकाराचं कारण समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ घातलीत. त्या संध्याकाळसाठी कुठल्याही कंपनीचा पगार नव्हता, हे मी नंतर विचारून घेतलं.

म्हणून हे आभार. माझा बदल घेतल्याचे आहेतच, पण त्याहून जास्त, ‘नाही’ नीट म्हटल्याचे.

वाचनालयातल्या काकू आता रोज शोधतात. त्यांना पायथन म्हणजे साप एवढंच माहीत आहे, आणि ते ठीकच आहे.

तुमची,
ग्रंथसूचीवाली

ता. क. तुमच्या प्रश्नाला मी ‘तीन’ म्हटलं तेव्हा वाचकाला दिसणारी अक्षरं मोजायचा युनिकोडचा स्वतःचा नियम ‘अक्षर’मध्ये चार मोजत होता, ‘क्ष’ मधोमध तोडत होता. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत तो नियम सुधारला. आता तिथेही तीन. पायथनचं लेन, लांबी मोजणारं फंक्शन, अजून पाच म्हणतं. त्याबद्दल मी तक्रार नोंदवणार नाहीये.